आक्का, ते बटण तुम्ही का फिरवलंत

आक्का, तुम्ही गेलात आणि आपलं भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं. इतकी वर्षं ते आपण दोघींत वाटून घेतलं होतं. तुम्ही बोलायला लागलात की मी भांडी आपटायची, आणि मी बोलायला लागले की तुम्ही कपाळाला विभूती लावून डोळे मिटून बसायच्या, म्हणजे मी आपोआप गप्प व्हावं. आता मी भांडी कुणापुढं आपटू? तुमच्या भावापुढं आपटून उपयोग नाही. लग्नसराईतल्या स्पीकरांनी त्यांचे कान कधीच नेले.

मातीला फार माणसं पोचली नाहीत. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला होता, एसट्या सुटतील की नाही याचा भरवसा नव्हता. पाथरीचे पाहुणे स्टँडवरूनच घरी परतले. सोनपेठची तुमची मामेबहीण नंतर आली आणि उंबऱ्यातच बसून रडली. आपल्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तुम्हाला बसवून, लिंग हातात देऊन मातीआड केलं. स्वामी मंत्र म्हणत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, आक्का, आता तरी सांगा, ते बटण तुम्ही का फिरवलंत. बायका म्हणाल्या, नणंदेसाठी एवढं रडणारी भावजय पाहिली नाही. रडत मी होतेच. पण त्यातलं निम्मं रडणं रागाचं होतं.

ते दुकान तुमचंच होतं, हे मी आज कबूल करते. पाटीवर तुमच्या भावाचं नाव, पण ते कायम स्पीकर आणि वायरींचे गठ्ठे घेऊन कुठल्या ना कुठल्या गावच्या मांडवात. मानवतच्या मोंढ्याच्या तोंडाशी, कापसाच्या गाड्यांची धूळ खात बसायचो आपण दोघी. दारावर लिहिलेलं, ‘कॅसेट भरून मिळेल.’ लोक कोरी कॅसेट आणायचे, गाणी सांगायचे, आपण भरून द्यायचो. सासर सोडून आलेल्या बाईनं भर बाजारात बसावं, यावरून गावानं तुम्हाला काय कमी नावं ठेवली? तुम्ही स्पीकरवर भजन लावायच्या आणि आवाज आणखी एक घर वाढवायच्या.

आणि तो डेक. दोन कप्प्यांचा, परदेशी, तुमच्या भावानं औरंगाबादेहून आणलेला. त्याच्यावर बटणं इतकी की बघूनच धाप लागावी. मी दहावी पास, म्हणून त्याच्यावरची इंग्रजी वाचायचं काम माझं. अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. शेवटी तुम्हीच बारसं केलंत. एक दाबलं की कॅसेट दुप्पट वेगानं उतरायची, ते ‘घाईचं’. एक दाबलं की चांगली गाणारी बाई पडसं झाल्यासारखी गायची, ते ‘सर्दीचं’. ते बटण कशासाठी केलं असेल, हे आपल्याला कधीच कळलं नाही. तुम्ही म्हणायच्या, “तिकडं थंडी लय असल, त्यायला तसंच आवडत असल.”

उजव्या कडेला एक गोल बटण होतं. आवाज कुठून घ्यायचा ते त्याच्यावर ठरायचं. रेडिओ, कॅसेट, बाहेरची वायर, माइक, अशा ओळीनं खुणा होत्या. सगळी रामकहाणी त्या गोल बटणाची.

रजियाबी आली तो दिवस मला अजून डोळ्यांपुढं आहे. मोंढ्यात धान्य निवडणारी ही बाई, तिचा लेक अनीस सौदीला ड्रायव्हर होता. सौदीला गेलेल्यांची पत्रं तेव्हा कॅसेटमधूनच यायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या मायलेकरांना ती मोठीच सोय होती. अनीस तिकडून बोलून कॅसेट पाठवायचा. रजियाबी ती पोटभर ऐकायची आणि मग आपल्याच दुकानात, आपल्याच माइकपुढं बसून त्याच कॅसेटवर उत्तर भरायची. नवी कॅसेट कशाला, म्हणायची. तो तिकडं आईचं ऐकून त्यावर पुन्हा आपलं भरायचा. एकच कॅसेट ये-जा करत राहायची, आणि दरवेळी नवं बोलणं जुन्याला पुसून टाकायचं. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीला जी भोकं असतात, ती तिनं पुन्हा भरता यावं म्हणून चिकटपट्टीच्या टिकल्या लावून बुजवली होती. अशा टिकल्या लावलेल्या कॅसेटी आपल्या दुकानात कितीतरी यायच्या.

शेवटची कॅसेट आली आणि उत्तर भरायच्या आत खबर आली. अनीसच्या ट्रकला तिकडं अपघात झाला. माती तिकडंच दिली. रजियाबीजवळ पोराचं म्हणून जे उरलं, ते त्या एका कॅसेटीत होतं.

अनीसची बायको शबाना तेव्हा पाथरीला माहेरी होती. बाप आजारी पडला म्हणून सासूला न विचारता निघून गेली होती, आणि रजियाबीच्या मनात तो राग होता. पण पोरीनं निरोप धाडला की मला त्याचा आवाज ऐकायचाय. मूळ कॅसेट रजियाबी देईना. शबानाचा भाऊ दुपारच्या गाडीच्या आधी दुकानावर येणार, त्याच्या हाती नक्कल द्यायची, असं ठरलं.

“जसं हाय तसं भरा,” रजियाबी म्हणाली. “येक शब्द सोडू नका.” एवढं बोलून ती कामावर गेली. थांबली नाही. तिला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं, हे नंतर कळलं.

नेमका आदल्या दिवशी डेक परभणीहून दुरुस्त होऊन आला होता. गोल बटण तुटलं होतं, मेकॅनिकनं नवं बसवून दिलं होतं. मी म्हटलं लावू या पटकन. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. कॅसेट उलटी करून नखानं दोन्ही टिकल्या काढल्यात, वातीसारख्या बोटांत वळल्यात आणि म्हणालात, “आधी ही भोकं उघडी. चुकून भलतं बटण दाबलं तर पोरगं दुसऱ्यांदा मरल.” मग तुम्ही भजनाची एक जुनी कॅसेट काढलीत. पहिला प्रयोग तिच्यावर.

पहिली नक्कल कोरी आली. मूळ वाजत होती, चाकं फिरत होती, आणि नक्कल ऐकावी तर नुसती शांतता. मी म्हटलं मेकॅनिकनं डेक मारला. मग घाईचं बटण दाबलेलं दिसलं, ते वर काढलं. पुन्हा कोरी. सर्दीचं वर केलं, खाली केलं. कोरीच. घड्याळ पुढं सरकत होतं आणि लाईट पिवळी पडत चालली होती. मध्येच लाईट गेली तर पट्टी चाकात गुंतते, हे आपल्याला पक्कं माहीत होतं. अनीसच्या कॅसेटची पट्टी तर आधीच झिजून, उन्हानं चुरमडून गेलेली. एकदा, फार तर दोनदा वाजेल, असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, त्या भावाला परत पाठवू. तुम्ही म्हणालात, “त्या पोरीला काय सांगशील, बटण सापडंना म्हणून?”

शेवटी मीच चिडून ते गोल बटण रेडिओच्या खुणेवर आणलं, म्हटलं निदान रेडिओ तरी लागतो का बघू. आणि भजन उतरायला लागलं. तेव्हा उजेड पडला. मेकॅनिकनं बटण एक घर सरकवून बसवलं होतं. खूण रेडिओची, काम कॅसेटचं. कॅसेटच्या खुणेवर ठेवलं की आवाज त्या रिकाम्या बाहेरच्या वायरीतून घेतला जायचा, म्हणून नक्कल कोरी. आपण दोघी हसलो. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

मग अनीसची कॅसेट लावली. तुम्ही बटणापाशी, मी लाईटकडं डोळे लावून. आवाज हळू ठेवला होता, पण भरताना ऐकावं लागतंच. पोरगं बोलायला लागलं. अम्मीला सलाम, शेळी व्याली का, पत्र्यावर दगड नीट ठेवलेत का, वारं लय असतं. मला वाटलं, बरं झालं, पोरीला हे ऐकायला मिळेल. आणि मग त्याचा आवाज बदलला. “अम्मी, उसकू बोलो, जिधर गई उधरिच रहना. मेरे घर में अब उसका कुछ नै. मैं आया तो भी लेने को नै जाता.”

आणि तुम्ही बटण फिरवलंत.

मला आधी कळलंच नाही. अनीस बोलतच होता, चाकं फिरतच होती. मग मला तुमचा हात दिसला. मी हळू आवाजात, पण सगळा जीव गोळा करून भांडले तुमच्याशी. आपण कोण मधलं काढणाऱ्या, आईनं जसं आहे तसं सांगितलंय, नवरा तिचा आहे, बोलणं तिचं आहे. तुमचं उत्तर मला पाठ आहे, पण खरं कारण ते नव्हतं असं मला अजून वाटतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या बोलण्याकडं कान लावून बसला होतात, ते कधी संपतंय याची वाट बघत. संपलं, पुन्हा शेळीचा विषय आला, आणि तुम्ही बटण जागेवर आणलंत.

शबानाचा भाऊ दारात उभाच होता. भरलेली कॅसेट देताना सुरुवात आणि शेवट वाजवून दाखवायचा, ही आपली रीत. सुरुवातीला सलाम, शेवटी खुदा हाफिज. त्यानं डोळे पुसले, कॅसेट खिशात घातली आणि स्टँडकडं पळाला. मधलं तपासायची पद्धत कुठल्याच दुकानात नव्हती.

त्यानंतर आपण जे भांडायला लागलो ते तुम्ही जाईपर्यंत. शबाना माहेरी बसून राहिली. चांगली स्थळं आली, पोरगी नाही म्हणाली. पाथरीहून येणारं प्रत्येक माणूस सांगायचं की ती कॅसेट लावून बसते. मी तुम्हाला म्हणायची, बघा, तुम्ही तिला बांधून घातलंत. तो तिला सोडून मेला होता, आणि तिला वाटतंय की आपल्यासाठी झुरत मेला. खरं ऐकलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाली असती. तुम्ही म्हणायच्या, “बायकोला रागात बोललेलं खरं नसतंय.” मी म्हणायची, मग गोड बोललेलं तरी खरं असतंय का? यावर तुम्ही विभूतीची डबी उघडायच्या.

पुढं शबानाचं सेलूला लागलं. दुसरा निकाह, माणूस चांगला, लेकरू झालं. तुम्ही पेढा माझ्या तोंडात कोंबलात आणि म्हणालात, “झालं का आता?” मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, हे तुमच्यामुळं झालं नाही, तुमच्यामुळं उशीर झाला. दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी.

एक गोष्ट मी कधीच बोलले नाही आक्का. जिभेवर यायची आणि मी गिळायची. तुम्ही सासर सोडलंत ते भांडून. दाजी तुम्हाला दारातून काहीतरी बोलले, तुम्ही पाठ फिरवून चालू लागलात, आणि त्याच वर्षी ते गेले. ते काय बोलले, हे घरात कुणालाच माहीत नाही. तुमच्या आईंना माहीत नव्हतं, तुमच्या भावाला माहीत नाही. त्या दिवशी अनीसचा आवाज बदलला तेव्हा तुमचा चेहरा बघून मला वाटलं, विचारावं. भांडणात एवढं काय काय बोलले, पण तेवढं विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं असतं तर कदाचित त्या बटणाचंही कळलं असतं. आता तुम्ही ते सोबत नेलंत, आणि याचा मला राग येतो, आणि राग आला की रडू येतं.

काल शबाना आली. सेलूहून, एसटी सुरू झाल्या झाल्या. मांडीवर लेकरू. मी चहा ठेवला. दुखवट्याला येतात तसं बोलणं झालं, आक्का चांगल्या होत्या, दुखणं किती दिवस होतं, वगैरे. मग तिनं पिशवीतून कॅसेट काढली. मी ओळखली.

“मावशी,” ती म्हणाली, “हिच्यात आक्का हायत. तुमच्याकडं त्यायचा आवाज असल नसल, म्हणून आणली.”

मला काही उमगेना. मी म्हटलं, आक्का कशा असतील? ती कॅसेट अनीसची.

“मधीच तुमी दोघी भांडायलाव की.”

आक्का, तुम्ही घाईत बटण बाहेरच्या वायरीच्या खुणेवर नेलंत. शांतता भरावी म्हणून. पण सगळंच एक घर सरकलेलं होतं ना. त्या खुणेवर माइक होता. अर्धा दिवस आपण त्याच बटणाशी झुंजलो होतो, आणि वेळ आली तेव्हा तुम्हीही विसरलात, मीही विसरले. अनीस पुसला गेला आणि त्याच्या जागी आपलं दुकान भरलं गेलं. बाहेरची बैलगाडी, पंखा, आणि आपण दोघी.

मी विचारलं, “म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी. मागं पण ऐकू येतो तो, हळू. शब्द कळत न्हाईत. पन नवरा व्हता माजा, आवाजावरून कळतंय की. तुमी म्हणायलाव, तिचं बोलणं तिला ऐकू द्या. आन आक्का म्हणायल्यात, जित्ता असता तर भांडून मिटवलं असतं तिनं, मेलेल्याशी कसं भांडल ती.” ती थोडा वेळ लेकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “आक्काचं ते चुकलं बगा. भांडता येतंय. मी लय भांडले. लोकायला वाटायचं, आवाज ऐकत बसती. मी तेवढी जागा लावायचे आन त्याला उत्तर द्यायचे. बाप आजारी व्हता, न विचारता गेले, तुझा बाप असता तर तू थांबला असतास का. रोज. मग येक दिवस बोलायला कायच उरलं न्हाई. तवा सेलूच्या स्थळाला हो म्हणले.”

इतकी वर्षं आपण दोघी तिच्यासाठी भांडत होतो, आणि ती आपलं तेवढं भांडण लावून आपलं आपण सोडवून मोकळी झाली होती. तुम्ही हरलात आक्का. मीही हरले. तुम्ही असत्या तर मी म्हटलं असतं, घ्या, आता दोघीही गप्प बसू.

मी डेक पुसला आणि कॅसेट आत घातली. दुसऱ्या कप्प्यात कोरी. शबाना म्हणाली, “मावशी, तेवढीच जागा घ्या. बाकीचं माजं हाय.”

मी मान हलवली. शेळी आली, पत्र्यावरचे दगड आले. मी ते आवाज बारीक करून पुढं जाऊ दिलं, आणि तिनं बोट दाखवल्यावर भरायला लावलं. आधी बैलगाडी आली. मग माझा आवाज, तरणा आणि कडक, मलाच ओळखू येईना. आणि मग तुम्ही. हळू, घोगऱ्या, जिवंत. मी खाली बसले. शबानानं माझा हात धरला.

तुमचं बोलून होतं आणि मी परत तोंड उघडते. “पण आक्का, तुमच्या वेळी जर कुणी…” एवढंच. तिथंच तुम्ही बटण जागेवर आणलंय. पुढं मी काय म्हटलं ते त्या कॅसेटीत नाही, आणि मला काही केल्या आठवत नाही. म्हणजे दाजींचं मी त्या दिवशी विचारलं होतं तर. तुम्ही ऐकलंही असेल. तुम्ही उत्तर दिलं की नाही, तेवढं मात्र कुठल्याच कप्प्यात सापडत नाही.